विषम जानुगती : बारबेल-बैठकेच्या निमित्ताने

इगतपुरी परिसरात जानुशूलाचे रुग्ण आता दोन भिन्न वयोगटांतून आम्हांकडे येतात. भातलावणीत आणि डोंगरउतारावर आयुष्य वेचलेली साठीची मंडळी आपणां सर्वांस परिचित आहेत. दुसरा वर्ग विशीतील तरुणांचा आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांस १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांना सामोरे जावे लागते. येथील पावसाळ्यात मैदाने चिखलाने भरली की ही मुले व्यायामशाळेत शिरतात आणि खांद्यावर बारबेल घेऊन बैठका काढू लागतात. “खाली जाताना एक गुडघा आत वळतो, दुसरा सरळ राहतो,” ही त्यांची तक्रार असते.

अशा वेळी ‘संधिगतवात’ असे निदान लिहून जानुबस्ती सुचविणे सोपे आहे. परंतु बावीस वर्षांच्या मुलास हे नाव चिकटले की तो एक तर व्यायाम सोडून भरतीची आशा टाकतो, नाही तर तेल चोळून त्याच सदोष गतीवर वजन वाढवीत राहतो. हे दोन्ही मार्ग अहितकर होत.

शास्त्रदृष्टी

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात संधींचे आठ प्रकार वर्णिले आहेत. त्यांत जानु व गुल्फ हे कोरसंधी, तर वंक्षण हा उलूखलसंधी होय. कोरसंधी बिजागरीसारखा मुख्यतः एका दिशेने चालतो. उलूखल उखळातील मुसळासारखा सर्व दिशांना फिरतो. दाराची बिजागरी करकरू लागली तर जाणता सुतार प्रथम चौकट तपासतो. जानूची चौकट म्हणजे खाली गुल्फ आणि वर वंक्षण. गुल्फ पुरेसा वाकत नसेल, अथवा वंक्षणाभोवतीच्या पेशी मांडीस बाहेर धरून ठेवण्यास दुर्बल असतील, तर त्याचे प्रायश्चित्त मधल्या गुडघ्यास घ्यावे लागते. जानु हे वैकल्यकर मर्म असून त्याच्या आघाताने खंजता येते, हेही आचार्यांनी पुढील अध्यायात सांगितले आहे. म्हणून हा विषय किरकोळ समजू नये.

तालमीतील बैठक आणि बारबेल

तालमीत शेकडो बैठका विनासायास काढणारा मुलगा बारबेलखाली मात्र वाकडा का होतो, असा प्रश्न पडतो. तालमीतील बैठकेत खाली जाताना टाचा उचलल्या जातात व भार चवड्यांवर येतो. त्यामुळे गुल्फाची स्तब्धता झाकली जाते. बारबेलच्या बैठकेत टाच जमिनीवरच राहावी लागते. त्रिंगलवाडी वा कावनईच्या निसरड्या वाटेवर कधी काळी मुरगळलेला घोटा येथे आपले अस्तित्व दाखवितो. तो पुढे झुकत नाही. मग पाऊल आतल्या बाजूस कलते आणि त्यामागोमाग गुडघाही आत येतो.

परीक्षण

यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. रुग्णास अनवाणी उकिडवे बसवावे. कोणती टाच आधी उचलली जाते, कोणते पाऊल बाहेर फिरते, कंबर कोणत्या बाजूस सरकते हे समोरून व मागून पाहावे. त्यानंतर पुढील क्रम ठेवावा.

१. गुल्फ : भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीस टेकवावयास सांगावे. पाऊल हळूहळू मागे घेत अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे कमाल अंतर मोजावे. दोन्ही बाजूंत सुमारे २ सेंटिमीटर वा अधिक फरक आढळल्यास तो अर्थपूर्ण मानावा. दोन्ही टाचांखाली सारख्याच जाडीची फळी ठेवताच विषमता मावळली, तर दोष बहुधा गुल्फात आहे.

२. वंक्षण : १५ ते २० सेंटिमीटर उंच पायरीवरून एका पायावर सावकाश उतरावयास सांगावे. गुडघा आत झुकला अथवा विरुद्ध बाजूची कंबर खाली गेली, तर वंक्षणाचे बल उणे समजावे.

३. अन्य कारणे : दोन्ही पायांची लांबी फितीने मोजावी. पावले मागे-पुढे पडतात काय, दांडा खांद्यावर तिरका बसतो काय, हेही पाहावे. कित्येकदा दोष शरीरात नसून मांडणीत असतो.

चिकित्सा

प्रथम वजन उतरवावे. वाग्भटाचार्यांचा अर्धशक्ती-व्यायामाचा उपदेश बलवान व स्निग्धभोजी व्यक्तींसाठी आणि तोही शीतकाल व वसंतासाठी आहे. अन्य ऋतूंत याहूनही कमी. वर्षाऋतू हा वातप्रकोपाचा काळ, आणि आमची मुले नेमकी तेव्हाच भार वाढवितात.

गुल्फदोषात भिंतीसमोरील तीच क्रिया १० ते १५ वेळा करावी, आणि पोटरीचा ताण गुडघा सरळ व वाकवून, प्रत्येकी ३० सेकंद द्यावा. वंक्षणदौर्बल्यात कुशीवर निजून पाय उचलणे, सेतुबंध व पायरीवरून उतरणे हे व्यायाम द्यावेत. आरंभ दुर्बल बाजूने करावा आणि तिला जेवढे जमेल तेवढेच सबल बाजूने करावे. त्यानंतर रिकामा दांडा घेऊन, तीन सेकंदांत खाली जात, ५ ते ८ आवृत्तींचे तीन फेरे घ्यावेत. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने राहावा. गती सम झाल्यावरच अडीच ते पाच किलो वाढवावेत. सहा ते आठ आठवडे धीर धरावा लागतो, हे रुग्णास आरंभीच सांगावे.

स्थानिक स्नेहन-स्वेदनाने स्तब्धता शिथिल होते व व्यायाम सुकर होतो, म्हणून ते अवश्य योजावे. दाह वा शोथ असता स्वेदन टाळावे. परंतु वंक्षणाचे बल तेलाने येत नाही, ते व्यायामानेच येते.

तारतम्य

कोणतेही शरीर दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखे नसते. वंक्षणाच्या अस्थींची घडणही भिन्न असू शकते. वेदनारहित, अल्प व न वाढणारी विषमता रोग मानू नये. मात्र गुडघा सुजणे, अडकणे, अकस्मात लचकणे, रात्री ठणकणे, ज्वर किंवा पायात बधिरता यांपैकी काही आढळल्यास बारबेल थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांचे मत विनाविलंब घ्यावे.

तरुण रुग्ण गुडघ्यावर बोट ठेवून येतो, म्हणून वैद्याने तेथेच थांबू नये. तेलाची वाटी हाती घेण्यापूर्वी त्यास एकदा उकिडवे बसवून पाहावे, एवढीच आमची वैद्यबंधुभगिनींस विनंती.