‘दारू पिता का?’ या प्रश्नाचे उत्तर

महाराष्ट्रात एचआयव्ही आणि व्यसन यांचा एकत्रित विचार झाला, की महानगरातील इंजेक्शनद्वारे नशा करणारा तरुण डोळ्यांपुढे येतो, आणि या प्रतिमेला आधारही आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे ‘नॅको’च्या, २०२१ च्या पाहणीत देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के असताना अशी नशा करणाऱ्यांमध्ये ते ९ टक्क्यांच्या आसपास होते. मात्र हिंगोली जिल्ह्यात, पूर्णा नदीवरील धरणाकाठच्या सिद्धेश्वरसारख्या गावाचा विचार करायचा, तर तेथे प्रश्न सुईचा कमी आणि देशी दारूच्या बाटलीचा अधिक असतो. मराठवाड्यातून मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाणारा मजूर असो वा गावातच रोजंदारी करणारा, अशा माणसाला एचआयव्हीचा संसर्ग झाल्यावर त्याच्या उपचाराचे यश तपासणीच्या टेबलाशी होणाऱ्या संभाषणावर बरेचसे अवलंबून राहते.

हा उपचार म्हणजे एआरटी. ही औषधे विषाणू शरीरातून नाहीसा करीत नाहीत, पण त्याची वाढ रोखतात. त्यामुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, ज्याला व्हायरल लोड म्हणतात, मोजता येणार नाही इतके खाली येते, प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी पुन्हा वाढू लागतात आणि लैंगिक संबंधातून जोडीदाराला होणारी लागणही थांबते. सरकारी केंद्रांतून हा उपचार १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळतो. आता बहुतेक प्रौढांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर ही तीन औषधे एकत्र असलेली एकच गोळी दररोज घ्यावी लागते. गोळ्यांचा नियमितपणा किमान ९५ टक्के असावा, अशी अपेक्षा असते. महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी दोन चुकल्या तरी हे प्रमाण त्याखाली जाते, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी पिणाऱ्याच्या महिन्यात चार बाजार येतात.

याच ठिकाणी संभाषण फसते. ‘दारू पिता का?’ हा प्रश्न बहुधा मान वर न करता, कागद भरता भरता, शेजारी बायको किंवा भाऊ बसलेला असताना आणि दरडावणीच्या सुरात विचारला जातो, तेव्हा त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येणार हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. रुग्ण खोटे बोलतात ही तक्रार वैद्यकीय वर्तुळात नेहमी ऐकू येते. पण खरे बोलल्यावर पदरात केवळ बोलणी पडत असतील, तर खोटे बोलणे हा रुग्णाचा व्यवहारीपणाच म्हणावा लागेल.

या खोट्या ‘नाही’पेक्षाही घातक ठरतो तो एक गैरसमज. दारू आणि गोळी पोटात एकत्र गेल्या, तर विषबाधा होईल, या भीतीने पिण्याच्या दिवशी गोळी मुद्दाम टाळली जाते. अमेरिकेतील सामाजिक मानसशास्त्रज्ञ सेथ कॅलिचमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीचा अभ्यास केला असून, ती बाळगणाऱ्यांच्या गोळ्या अधिक चुकतात असे त्यांना आढळले. ‘या गोळ्यांवर दारू चालणार नाही’ हा डॉक्टरांचा तुटक इशाराच ही समजूत पोसतो, कारण डॉक्टरांना दारू सुटायला हवी असते आणि ऐकणारा त्या दिवसापुरती गोळी सोडतो. वास्तविक सध्याच्या तीन औषधांच्या कार्यावर दारूचा थेट परिणाम फारसा होत नाही. त्यामुळे ‘प्यालात तरी त्या दिवसाची गोळी चुकवू नका’ हे वाक्य स्पष्टपणे उच्चारले गेले पाहिजे. त्यात दारूला परवानगी दिल्यासारखे होईल म्हणून अनेकजण ते टाळतात, आणि हा संकोच रुग्णाला महाग पडतो. पूर्वी दिली जाणारी एफाविरेन्झयुक्त गोळी गरगरल्यासारखे होते म्हणून रात्री झोपताना घ्यायची असे, म्हणजे नेमकी दारूला बसण्याच्या वेळेला. डोलुटेग्राव्हिरची गोळी सकाळीही घेता येते, पण हे सांगण्यासाठी आधी रुग्णाची संध्याकाळ कशी जाते हे कळायला हवे.

खरे उत्तर हवे असते ते आणखी काही कारणांसाठी. क्षयरोग टाळण्यासाठी एचआयव्हीबाधितांना आयसोनियाझिड हे औषध सहा महिने दिले जाते. ते यकृताला त्रासदायक ठरू शकते आणि नियमित दारूने तो धोका वाढतो. पिणाऱ्याला अनेकदा पित्ताचा त्रास असतो, म्हणून तो दुकानातून अँटासिड घेतो. त्यातील मॅग्नेशियम व ॲल्युमिनियममुळे डोलुटेग्राव्हिर रक्तात नीट शोषले जात नाही, म्हणून गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी लागते. दारूबद्दल विचारले गेले नाही, तर अँटासिडबद्दलही कळत नाही.

विचारण्याची वेगळी रीत उपलब्ध आहे. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनावरील उपचारांसाठी मांडलेल्या आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विस्तारलेल्या पद्धतीला प्रेरणात्मक संवाद म्हणता येईल. तीत उपदेश न करता बदलाची कारणे रुग्णाच्याच तोंडून येऊ दिली जातात. नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवून समुपदेशकाने असे विचारावे: ‘संध्याकाळी बसणं होतं का? आठवड्यातून किती वेळा? एका वेळी नाइंटी, क्वार्टर, की जास्त? आणि त्या दिवशी गोळीचं काय करता?’ यातील शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, आणि तोच बहुधा राहून जातो.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, डॉक्टर आपल्याला एक माणूस म्हणून ओळखतात असे ज्या एचआयव्हीबाधितांना वाटत होते, त्यांचा गोळ्यांचा नियमितपणा अधिक होता आणि व्हायरल लोडही अधिक प्रमाणात आटोक्यात होता. मुंबई परिसरातील एआरटी केंद्रांतही दारू पिणाऱ्या पुरुष रुग्णांसाठी वैयक्तिक समुपदेशन, गटचर्चा आणि सामूहिक पाठपुरावा यांचे प्रयोग झाले आहेत. गर्दीच्या केंद्रात वेळ कोठून आणायचा, हा आक्षेप रास्त आहे; पण वरचे प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात, आणि औषधे निष्प्रभ ठरल्यावर महागड्या दुसऱ्या फळीच्या औषधांसाठी जो वेळ व पैसा जातो, त्यापुढे ती काहीच नाहीत.

कायद्याची बाजूही रुग्णाच्या हिताची आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने बाधिताची माहिती त्याच्या संमतीविना उघड करण्यास मनाई केली असून, इंजेक्शनद्वारे नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया पुरवण्यासारख्या जोखीम कमी करणाऱ्या उपायांना गुन्हा ठरण्यापासून संरक्षण दिले आहे. ‘आधी दारू सोडवा, मग औषध द्या’ असा आग्रह घरची माणसे कळकळीनेच धरतात, परंतु २०१७ पासून संसर्ग आढळलेल्या प्रत्येकाला उपचार देण्याचे राष्ट्रीय धोरण आहे आणि दारू पिणे हे त्याला एआरटी नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. ज्यांना केंद्रात तोंड उघडणे जड जाते, त्यांच्यासाठी नॅकोची १०९७ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे.