डिजिटल हॅम रेडिओसाठी लॅपटॉप : वेगापेक्षा घड्याळ मोलाचे

कोन (भिवंडी) : कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळून खाडीवरचा पूल ओलांडला, की भिवंडी तालुक्यातले कोन लागते. पाठीमागे पाणी आणि पुढे भिवंडीपर्यंत पसरलेला गोदामांचा व यंत्रमागांचा पट्टा. अशा ठिकाणी गच्चीवर तार ताणून हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, चालवायचा असेल तर दोन गोष्टी गृहीत धरूनच सुरुवात करावी लागते. पहिली म्हणजे खरखर. गोदामांतले एलईडी दिवे, मोटारींचे स्टार्टर, वीजवाहिन्यांवरचे सैल सांधे या साऱ्यांचा गोंगाट लघुलहरींवर ऐकू येतो आणि त्यात दूरचा आवाज बुडून जातो. दुसरी म्हणजे पावसाळा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कल्याणचा परिसर उल्हास नदीच्या पुराने वेढला गेला, आणि सर्वाधिक गरज असतानाच दूरध्वनी व मोबाइल ठप्प झाले. २७ जुलै २०१९ रोजी याच उल्हासच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती.

या दोन्ही अडचणींवर हॅम रेडिओच्या डिजिटल पद्धतींमध्ये बऱ्यापैकी उत्तर आहे. मात्र त्यासाठी रेडिओच्या जोडीला संगणक लागतो. तो लहान, स्वस्त आणि गरज पडल्यास बॅटरीवर चालणारा हवा. तो निवडताना बहुतेक जण प्रोसेसरचा वेग आणि मेमरी पाहतात. प्रत्यक्षात मात्र घोडे अडते ते निराळ्याच ठिकाणी.

डिजिटल पद्धतीत माणूस माइकवर बोलत नाही. तो लॅपटॉपवर अक्षरे टंकित करतो, सॉफ्टवेअर त्यांचे सूक्ष्म स्वरांत रूपांतर करते आणि ते स्वर रेडिओमार्फत प्रक्षेपित होतात. पलीकडचा लॅपटॉप ते ऐकून पुन्हा अक्षरे उलगडतो. पीटर मार्टिनेझ या ब्रिटिश हौशी रेडिओचालकाने १९९८ मध्ये प्रचारात आणलेली पीएसके ३१ ही पद्धत जेमतेम ३१ हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात दोन माणसांना लिखित गप्पा मारू देते. मानवी आवाजाला याच कामासाठी सुमारे अडीच हजार हर्ट्झ लागतात. २०१७ मध्ये आलेल्या एफटी ८ या पद्धतीने त्यापुढची मजल मारली. अडीच हजार हर्ट्झच्या पट्ट्यातला एकूण गोंगाट संदेशाच्या शंभर पटींहून अधिक असला, तरी ती संदेश उलगडते. एफटी ८ चे जनक जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक. यांपैकी टेलर हे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ. ते पारितोषिक त्यांना जोड-पल्सारच्या शोधासाठी मिळाले. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला उभी असलेली महाकाय दुर्बीणही अशाच पल्सारांचे क्षीण स्पंद टिपते. गोंगाटातून अत्यंत दुबळा संकेत वेचून काढणे हा टेलर यांचा व्यवसायच होता, आणि त्यांनी तो हौशी मंडळींच्या हाती दिला, असे म्हणता येईल.

आता लॅपटॉपकडे वळू. एफटी ८ मध्ये सारे जग पंधरा सेकंदांच्या तालावर चालते. प्रत्येक मिनिटाच्या ०, १५, ३० आणि ४५ व्या सेकंदाला पाळी सुरू होते, संदेश १२.६४ सेकंदांत संपतो आणि उरलेल्या दोन-सव्वादोन सेकंदांत तो उलगडून उत्तर द्यायचे असते. गर्दीच्या वेळी ध्वनिपट्टीत एकाच वेळी वीस-तीस केंद्रे असतात. लॅपटॉप मंद असेल तर सगळी नावे पडद्यावर येईपर्यंत पुढची पाळी सुरू झालेली असते. वेगाची गरज आहे ती एवढीच, आणि ती फार मोठी नाही. या कामाच्या डब्ल्यूएसजेटी-एक्स या विनामूल्य सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत १.५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, २०० मेगाबाइट मोकळी मेमरी आणि १०२४ गुणिले ७८० बिंदूंचा पडदा एवढीच किमान अपेक्षा नोंदवली आहे. त्याच यादीत आणखी एक अट आहे, जी वाचली जात नाही : संगणकाचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेशी एका सेकंदाच्या आत जुळलेले असावे.

कागदावरच्या किमान अपेक्षेवर विसंबून मात्र फसगत होते. २००७ च्या अखेरीस असूसचा सात इंची ईईई पीसी आला आणि 'नेटबुक' हा शब्द घराघरांत पोहोचला. पुढच्या वर्षी इंटेलचा अॅटम प्रोसेसर आला व दहा इंची नेटबुकांची रांग लागली. जुन्या बाजारात ती आजही अत्यल्प किमतीत दिसतात आणि हॅममंडळींना त्यांचा मोह पडतो, कारण आकार अगदी हवा तसा. त्यांतल्या अॅटम एन २७० चा वेग १.६ गिगाहर्ट्झ, म्हणजे अट पूर्ण! पण त्या काळचा अॅटम एका ठोक्यात आजच्या प्रोसेसरच्या तुलनेत फारच थोडे काम करतो, पडद्याची उंची ६०० बिंदूच असते, आणि प्रोसेसर ३२ बिटचा असल्याने प्रमुख लिनक्स वितरणांनीही आता त्याची साथ सोडली आहे. पीएसके ३१ साठी असे यंत्र अजूनही पुरते. एफटी ८ साठी ते घेऊ नये.

मग घ्यावे काय? पंधरा हजारांच्या आत बसवायचे ठरवले, तर नव्यापेक्षा कंपन्यांमधून निवृत्त झालेला लॅपटॉप बरा, असे आमचे मत आहे. लेनोव्होची थिंकपॅड एक्स मालिका, डेलचे साडेबारा इंची लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ८२० ही यंत्रे दणकट असतात आणि लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मिळतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे त्याआधीची, एरवी ठणठणीत असलेली यंत्रे कार्यालयांतून बाहेर पडली. लिनक्सशी मैत्री करण्याची तयारी असेल, तर हॅमसाठी ही पर्वणीच आहे. डब्ल्यूएसजेटी-एक्स आणि एफएलडिजी ही दोन्ही मुख्य सॉफ्टवेअर तेथे विनासायास चालतात. या यंत्रांच्या १३६६ गुणिले ७६८ च्या पडद्याची उंची पुस्तिकेपेक्षा बारा बिंदूंनी कमी भरते, पण त्यावाचून काही अडत नाही.

नवेच घ्यायचे असेल तर सेलेरॉन एन ४०२० पेक्षा चार गाभ्यांचा एन १०० असलेला लॅपटॉप निवडावा. ३२ गिगाबाइट साठवण असलेले यंत्र फुकट मिळाले तरी विचार करावा, कारण विंडोजची अद्ययावतीकरणेच त्यात मावत नाहीत. काही स्वस्त लॅपटॉप विंडोजच्या 'एस मोड'मध्ये येतात. त्यात मायक्रोसॉफ्टच्या दुकानाबाहेरचे सॉफ्टवेअर बसत नाही. तो मोड विनामूल्य काढता येतो, पण पुन्हा लावता येत नाही.

आता खरी अडचण. प्रस्तुत प्रतिनिधीने काही वर्षांपूर्वी एक छोटा लॅपटॉप घेतला. घरी आणून पाहतो तो माइक आणि हेडफोन यांना मिळून एकच भोक! रेडिओचा आवाज लॅपटॉपमध्ये यायला आणि लॅपटॉपचा आवाज रेडिओत जायला दोन स्वतंत्र वाटा लागतात. अलीकडच्या बहुतेक लहान लॅपटॉपमध्ये चार कड्यांच्या पिनेचे एकच सामाईक सॉकेट असते, आणि समोर हेडसेट आहे की निव्वळ हेडफोन हे ते स्वतःच ठरवते. रेडिओची तार जोडल्यावर त्याचा अंदाज चुकतो आणि माइकची वाट बंद राहते. यावर उपाय म्हणजे यूएसबी साउंड कार्ड. अंगठ्याएवढ्या या उपकरणाला दोन वेगळी सॉकेट असतात आणि ते काहीशे रुपयांत मिळते. त्याचा दुसरा फायदा अधिक मोलाचा. लॅपटॉपचे अंगचे आवाज अंगच्या स्पीकरवरच राहतात; नाहीतर ई-मेल आल्याची घंटी थेट हवेत प्रक्षेपित होते, आणि असे घडते तेव्हा ऐकणारे ते विसरत नाहीत.

आयकॉमच्या आयसी-७३०० सारख्या नव्या रेडिओंमध्ये साउंड कार्ड आतच असते व एका यूएसबी तारेवर सारे भागते. यासूच्या जुन्या एफटी-८१७ ला किंवा हैदराबादच्या अश्हर फरहान यांच्या, देशी हॅमांच्या आवडत्या बिटेक्स मालिकेतल्या रेडिओंना मध्ये दुवा लागतो. दोन लहान ध्वनि-ट्रान्सफॉर्मर आणि प्रक्षेपणाची कळ दाबण्यासाठी एक ऑप्टोकपलर एवढ्यावर तो घरी बनतो. त्यामुळे लॅपटॉपला किमान दोन, शक्यतो तीन यूएसबी सॉकेट असावीत. एकच टाइप-सी सॉकेट आणि तेही चार्जरला दिलेले, अशी देखणी सडपातळ यंत्रे या कामी निरुपयोगी.

चार्जरचेही तसेच. कोनसारख्या ठिकाणी बाहेरचा गोंगाट मुळातच कमी नाही. त्यात लॅपटॉपच्या हलक्या चार्जरची भर पडली, तर एफटी ८ चाही इलाज चालत नाही. मूळ कंपनीचा चार्जर, त्याच्या तारेवर फेराइटचे कडे, आणि ऐकताना शक्यतो बॅटरीवर काम, हा क्रम ठेवावा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बदलता येते का, हे म्हणूनच आधी पाहायचे. थिंकपॅड एक्स २३० ची बॅटरी बाहेरून निघते. एक्स २५० ला एक आत आणि एक बाहेर अशा दोन असतात. शिवाय एक्स २३० मधला प्रोसेसर ३५ वॉटच्या वर्गातला, तर एक्स २५० मधला १५ वॉटच्या. घरात वीज असते तेव्हा हा फरक जाणवत नाही. ती गेल्यावर मात्र १२ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर रेडिओ आणि लॅपटॉप दोन्ही चालवायचे असतात. तेव्हा ध्यानात येते, की नुसते ऐकत असलेला छोटा रेडिओ जितका विद्युतप्रवाह घेतो, त्याहून अधिक लॅपटॉप खातो.

पुराच्या वेळी घड्याळाचाही प्रश्न पुन्हा उभा राहतो. एरवी इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळते. इंटरनेट बंद पडले, की जुन्या लॅपटॉपचे घड्याळ रोज थोडे थोडे सरकते. आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली असेल, तर यंत्र बंद करून पुन्हा लावल्यावर तारीखच हरवते. ती बॅटरी खरेदीनंतर लगेच बदलून घ्यावी आणि जोडीला यूएसबी जीपीएस ठेवावा. उपग्रहांकडून येणाऱ्या वेळेला मोबाइलचा मनोरा लागत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. एफटी ८ जगभर पोहोचते खरे, पण तिच्यात मुक्त मजकूर मावतो तो एका वेळी अवघी १३ अक्षरे, आणि तीही रोमन. 'चौथ्या मजल्यावर दोन वृद्ध, औषध हवे' एवढेसुद्धा तिच्यातून धडपणे सांगता येत नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद यांचे हॅम पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होते आणि अंदमानची खबर मुख्य भूमीवर पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अशा प्रसंगी याद्या, नावे, पत्ते पाठवावे लागतात. त्यासाठी एफएलडिजीतल्या पीएसके ३१ सारख्या पद्धतींचा सराव असावा, आणि त्यांना एफटी ८ इतके काटेकोर घड्याळ लागत नाही, हे आणखी एक सुख. लॅपटॉपवर दोन्ही सॉफ्टवेअर आधीच बसवून ठेवावीत. पूर आल्यावर ती उतरवून घेता येणार नाहीत.

प्रक्षेपणासाठी केंद्रीय दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि आपल्या श्रेणीत कोणत्या प्रकारच्या प्रक्षेपणाला मुभा आहे हे पाहूनच कळ दाबावी. लॅपटॉप पारखायला मात्र परवाना लागत नाही, रेडिओही लागत नाही. डब्ल्यूएसजेटी-एक्स बसवलेल्या लिनक्सचा पेनड्राइव्ह दुकानात न्यावा. यंत्र त्यावरून सुरू करून इंटरनेटला जोडावे आणि घड्याळ जुळू द्यावे. मग स्वतःच्या मोबाइलवर नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा, कोणालाही इंटरनेटवरून ऐकता येणारा रेडिओ संग्राहक उघडावा, १४.०७४ मेगाहर्ट्झ लावावे आणि मोबाइल लॅपटॉपच्या माइकजवळ धरावा. चार-पाच पाळ्या शांतपणे पाहाव्यात. संदेश पुढची पाळी सुरू होण्याआधी उलगडत असतील, तर प्रोसेसर पुरेसा आहे. 'डीटी' या रकान्यात सगळ्यांपुढे साधारण सारखाच आणि मोठा आकडा दिसत असेल, तर घड्याळ चुकले आहे किंवा इंटरनेटवरून आवाज उशिरा येतो आहे. वेळ पुन्हा जुळवून पाहावे. मग चार्जर काढावा, आणि विक्रेत्याशी भाव करता करता बॅटरीचा टक्का किती वेगाने उतरतो त्याकडे लक्ष ठेवावे.