मुलग्यांचे अश्रू

'मुलगा असून रडतोस?' हे वाक्य तुमच्या वर्गातील बहुतेक मुलग्यांनी ऐकले असेल. पण डोळ्याला हा भेद ठाऊक आहे काय? वरच्या पापणीमागे, कानाच्या बाजूला असलेली बदामाच्या आकाराची अश्रुग्रंथी मुलगा-मुलगी दोघांनाही असते. कांदा चिरताना ती पाझरते, तशी दुःखातही. फक्त दुःखात तिला आज्ञा येते ती मेंदूतील भावनांशी निगडित भागांकडून.

अमेरिकेतील जीवरसायनशास्त्रज्ञ विल्यम फ्रे यांनी काहींना करुण चित्रपट दाखवून, काहींना कांद्याजवळ बसवून अश्रू गोळा केले. भावनेच्या अश्रूंत प्रथिने अधिक असतात, असे त्यांनी १९८१ साली दाखवले. त्यांच्याच पाहणीत स्त्रिया महिन्यातून सरासरी ५.३ वेळा रडत, पुरुष १.४ वेळा. तान्हेपणी मात्र दोघे सारखेच रडतात! पुढच्या फरकात संप्रेरकांचा वाटा असेल. शिकवणुकीचा तर आहेच.

रडल्याने शरीरातील 'विष' निघून जाते, हे काही सिद्ध झालेले नाही. मन हलके होते ते बहुधा जवळ कोणी धीर देणारे असले तर. कोपऱ्यात एकटे रडणाऱ्या मुलग्याला नेमके तेच मिळत नाही. २०२२ साली भारतात आत्महत्येने गेलेल्या दर दहांत सुमारे सात पुरुष होते. घरी वा शाळेत बोलण्याजोगे कोणी नसेल, तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो; तो मराठीतही बोलतो.