नाळेवरची मूर्ति

ज्या साधनाच्या बळावर आपला चरितार्थ चालतो, त्यापुढें वर्षांतून एकदां तरी हात जोडावे, अशी आपल्याकडे रीत आहे. दसऱ्यास घरांतील शस्त्रें व पोथ्या पूजेस निघतात. नारळी पौर्णिमेस कोळी लोक समुद्राला नारळ अर्पण करून आपल्या होड्या शृंगारतात. युरोपांतील खलाशांनीं हाच भाव निराळ्या रीतीनें व्यक्त केला. जहाजाच्या पुढील निमुळत्या टोंकास, म्हणजे नाळेस, त्यांनीं एक कोरीव लांकडी मूर्ति बसविली आणि तिच्याभोंवतीं नाना समजुतींचें जाळें विणलें. ह्या समजुती निव्वळ भोळेपणाच्या, असें प्रथमदर्शनीं कोणासही वाटेल. परंतु नीट पाहिल्यास त्यांत भोळेपणाहून निराळेंही कांहीं आढळतें, व तेंच आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों.

ह्या प्रकाराचा आरंभ फार जुना आहे. प्राचीन ग्रीक लोक जहाजाच्या पुढच्या अंगास दोहों बाजूंनीं डोळे रंगवीत. जहाजास आपली वाट आपण दिसावी, हा त्यांतील हेतु. माल्टा बेटांतील कोळ्यांच्या रंगीत होड्यांवर असे डोळे आजही पाहावयास मिळतात. उत्तरेकडील व्हायकिंग दर्यावर्दी आपल्या नाळेवर अक्राळविक्राळ सर्पमुख बसवीत. परंतु आइसलँडच्या जुन्या ग्रंथांत दहाव्या शतकांतील एक नियम नमूद आहे, तो मोठा मार्मिक आहे: किनारा दृष्टीस पडण्यापूर्वीं हें आ वासलेलें मुख काढून ठेवावें, नाहीं तर त्या भूमीच्या रक्षक देवता भितील! धाक परक्यांस दाखवावा, घरच्या देवतांस नव्हे, एवढा विवेक त्या दांडग्या लोकांसही होता.

पुढें सिंह, योद्धे, राजे, राण्या अशा अनेक मूर्ति नाळेवर आल्या. त्यांत एक विसंगति ध्यानांत घेण्यासारखी आहे. जहाजावर स्त्री आली कीं संकट ओढवतें, असें जुने खलाशी मानीत. आणि तीच स्त्री लांकडाची होऊन नाळेवर उभी राहिली कीं तुफान शमविते, अशीही त्यांची श्रद्धा असे. जर्मन व डच खलाशी म्हणत कीं, जहाजांत क्लाबाउटरमन नांवाचा एक बुटका यक्ष राहतो. तो रात्रीं फळ्यांच्या फटी बुजवितो, आळशांच्या खोड्या काढतो, आणि तो निघून गेला कीं जहाज बुडालेंच समजावें. कित्येकांच्या मतें त्याचें बिऱ्हाड ह्या मूर्तींतच असे.

खलाशी आणि अथांग पाणी ह्यांच्यामध्यें काय तें फळीचें अंतर. तेव्हां त्या फळीस एखादें मुख असावें, तिच्याशीं दोन शब्द बोलतां यावे, असें त्यास वाटलें तर नवल नाहीं. १ जून १७९४ रोजीं इंग्रज व फ्रेंच आरमारांची अटलांटिक महासागरांत मोठी झुंज झाली. इंग्रजांच्या 'ब्रन्स्विक' जहाजाच्या नाळेवर त्याच नांवाच्या ड्यूकची मूर्ति होती. तोफेच्या माऱ्यांत मूर्तीची टोपी उडाली. आपला ड्यूक शत्रूसमोर बोडक्या डोक्यानें उभा राहावा, हें खलाशांस साहवेना. त्यांनीं विनंति करतांच कप्तान जॉन हार्वी यांनीं स्वतःची टोपी काढून दिली व सुतारानें ती मूर्तीच्या मस्तकावर खिळ्यांनीं ठोकली, अशी कथा आहे. त्याच लढाईंतील जखमांनीं पुढें हार्वी वारले.

ह्या विषयाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील पारशी कारागिरांनीं मलबारी सागाचीं अनेक जहाजें इंग्रज आरमारास बांधून दिलीं. त्यांपैकीं 'सेरिंगापटम' १८१९ सालीं पाण्यांत उतरलें. १७९९ सालीं पाडाव झालेल्या श्रीरंगपट्टणाचें तें नांव; आणि त्याच्या नाळेवर मूर्ति होती टिपू सुलतानाची, एका महाकाय पक्ष्यावर आरूढ झालेली! ती आज लंडनमधील ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयांत आहे. ज्याला रणांत मारलें, त्याचीच प्रतिमा पुढें करून समुद्र ओलांडावा, ह्यांत विजयाचा गर्व अधिक कीं पराक्रमी शत्रूचा धाक अधिक, हें वाचकांनींच ठरवावें.

लोखंड व वाफ आलीं, नाळेचा आकार बदलला, आणि १८९४ सालीं इंग्रज आरमार खात्यानें मोठ्या युद्धनौकांवर अशा मूर्ति बसविणें बंद केलें. जुनीं जहाजें मोडलीं, त्यांबरोबर कित्येक मूर्तिही नाहींशा झाल्या. कांहीं वांचविल्या त्या सिडनी कंबर्स नांवाच्या लंडनच्या एका व्यापाऱ्यानें. एक डोळा गमावलेला हा गृहस्थ त्यावर पट्टी बांधी व स्वतःस 'कॅप्टन लाँग जॉन सिल्व्हर' म्हणवी. हें नांव स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड' (१८८३) ह्या प्रसिद्ध कादंबरींतील एका पायाच्या चांच्याचें. तिच्यांतील जिम नांवाचा मुलगा ब्रिस्टल बंदरांत अशाच मूर्ति पाहून हरखून जातो. कंबर्सनें १९५३ सालीं आपला संग्रह 'कटी सार्क' जहाजाच्या जतनाचें काम करणाऱ्या मंडळीस देऊन टाकला. ऐंशींहून अधिक मूर्तींचा तो संग्रह ग्रिनिच येथें त्या जहाजाच्या खालींच मांडलेला आहे. १८६९ सालच्या ह्या जहाजाच्या स्वतःच्या नाळेवर बर्न्स कवीच्या काव्यांतील चेटकीण आहे. काव्यांत तिला वाहतें पाणी ओलांडतां येत नाहीं. परंतु लांकडाची होऊन तिनें चीनचा चहा आणि ऑस्ट्रेलियाची लोकर सातासमुद्रांपार नेली!

समुद्रावरून गेलेली ही समजूत चांचेकथांत मात्र जिवंत आहे. एइचिरो ओदा ह्यांच्या, १९९७ सालापासून चालूं असलेल्या 'वन पीस' ह्या जपानी चित्रकथेंत चांच्यांच्या पहिल्या जहाजाच्या नाळेवर मेंढ्याचें मुख आहे. जर्मन खलाशांचा तो क्लाबाउटरमन तेथें रात्रीं जहाज दुरुस्त करतांना दिसतो; आणि पुढें तें जहाज पार मोडून गेल्यावर त्यास अग्नि देतांना हे चांचे ओक्साबोक्शीं रडतात.

कोरीव लांकडानें एकही तुफान शमविलें नाहीं, हें खरें. जहाज तारलें तें सागाच्या फळीनें, सुताराच्या हातानें आणि सुकाणूवरील माणसाच्या जागरणानें. परंतु ज्यावर आपला जीव विसंबून आहे, त्याचे उपकार मानावे, ही बुद्धि खोटी नव्हती. म्हणून घरांतील मुलगा किंवा मुलगी ती चित्रकथा वाचतांना डोळे पुसतांना दिसली, तर वडील मंडळींनीं हंसूं नये. आपण कोणत्या फळीवर उभे आहों, ह्याची जाणीव त्या मुलास होऊं लागली आहे, असें समजावें.