सोळा जीबीच्या वाड्यात ६४० केबीचा पाहुणा

दिवाळीच्या आधी आमच्या खडकीच्या घरातला माळा झाडायचा, हा शिरस्ता आमच्या सौभाग्यवतीने घालून दिलेला. ती गेल्यालाही आता सहा वर्षे झाली. पण शिरस्ता चालूच आहे. गेल्या वर्षी तांब्याचा बंब आणि मोडक्या आकाशकंदिलाचे सांगाडे यांच्यामधून एक सीडी निघाली. तिच्यावर मुलीच्या अक्षरात लिहिलेले होते : ‘जुन्या संगणकातले सगळे.’

मुलगी दिवाळीसाठी माहेरी आलेलीच होती. सीडी पाहताच ती म्हणाली, “बाबा, ह्यात आईचा प्रिन्स असणार!”

वाचकहो, हा प्रिन्स कोण, ते सांगायला हवे. मी इथल्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होतो. तीस वर्षांपूर्वी, मुलांच्या हट्टामुळे, एक जुना संगणक घरात आणला. जवळच गणेशखिंडीच्या विद्यापीठ आवारात सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला होता, त्यामुळे संगणक हा शब्द मुलांच्या तोंडी सतत असे. आमचा संगणक मात्र बिचारा लहान. त्यावर मुले ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळत. तळघरात अडकलेल्या तरुणाने एका तासात सापळे चुकवीत, तलवार चालवीत राजकन्येला सोडवायचे, असा तो खेळ. मुलांना काही ते साधेना. आमची ही दुपारची झाकपाक करून मागे उभी राहून पाहायची. एका मे महिन्यात तिने स्वतःच खुर्ची ओढली, आणि पंधरा दिवसांत राजकन्या सोडवून दाखविली! जिंकणाऱ्याचे नाव खेळ विचारतो. तिने रोमन लिपीत तीनच अक्षरे लिहिली : ‘आई’.

ते नाव आता पुन्हा पाहायचे होते. सीडी वाचण्याचे यंत्र शेजाऱ्यांकडून आणले, खेळ नव्या संगणकावर उतरविला आणि कळ दाबली. उत्तर आले : हा प्रोग्रॅम ह्या संगणकावर चालू शकत नाही.

नातू दहा वर्षांचा. तो म्हणाला, “आजोबा, ह्याला सोळा जीबी मेमरी आहे. त्या जुन्याला किती होती?”

“प्रोग्रॅमच्या वाट्याला ६४० केबी,” मुलगी म्हणाली.

नातवाने हिशेब केला. सव्वीस हजारपटीहून जास्त! मग एवढ्या वाड्यात एक चिमुकला पाहुणा का मावू नये?

मुलगी ह्याच व्यवसायातली. तिने सांगितले ते मला जसे उमगले, तसे सांगतो. संगणकाची मेमरी म्हणजे ओळीने बांधलेल्या खोल्या. खोल्या कितीही बांधा. पत्त्यात जेवढे आकडे मावतील तेवढ्याच खोल्यांपर्यंत पोस्टमन पोहोचणार. १९८१ साली आय. बी. एम. कंपनीने काढलेल्या संगणकात पत्ता वीस द्विमान अंकांचा होता. त्यातून १०,४८,५७६ खोल्या होतात, म्हणजे एक एमबी. वरच्या ३८४ केबी खोल्या पडदा आणि यंत्राचा कारभार यांसाठी राखीव, उरल्या ६४०. त्यांतही मूळ यंत्रणेचे बिऱ्हाड असेच. मुलगी तेव्हा माऊसचा प्रोग्रॅम बाहेर काढून खेळांना जागा करून देई, हे मला आत्ता कळले!

ह्या टंचाईतून कल्पकताही निघाली. प्रिन्सचा कर्ता जॉर्डन मेकनर. त्याने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. पण १९८९ साली खेळ बाहेर पडण्याआधी, नव्या शत्रूची चित्रे ठेवायला मेमरीच उरली नाही. तेव्हा त्याने राजपुत्राचीच चित्रे थोडी बदलून त्याचा छायापुरुष उभा केला. जागा नव्हती, म्हणून नायकाचा शत्रू तो स्वतःच झाला!

असे खेळ पत्ता दोन तुकड्यांत लिहीत : आधी गल्ली, मग घर. आजचा चौसष्ट अंकी संगणक ही भाषा सोडून पुढे गेला आहे. खोल्या अपुऱ्या नाहीत. पाहुण्याच्या हातातली चिठ्ठी वाचणारा दारावर कोणी उरला नाही.

१९९५ नंतरच्या खेळांची गोष्ट निराळी. त्यांचा पत्ता बत्तीस अंकी, म्हणजे चार जीबीपर्यंतचा. त्यातले दोनच जीबी विंडोज एका प्रोग्रॅमला सहसा देत असे. म्हणून हौशी मंडळी जुन्या खेळात मोठमोठी नवी चित्रे भरतात तेव्हा, संगणकात सोळा जीबी असूनही, खेळ मध्येच कोसळतो. प्रोग्रॅमवर ‘मला मोठा पत्ता चालतो’ अशी खूण करता येते; मग नवा संगणक त्याला पुरे चार जीबी देतो. मात्र ती खूण सर्वांनाच मानवते असे नाही.

त्याचे कारण माझ्या जुन्या स्कूटरने मला शिकविले होते. तिच्या मीटरमध्ये पाचच आकडे. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्ये, जणू गाडी आजच दुकानातून आली! काही खेळांनी बत्तिसावा अंक ‘उणे’ ह्या चिन्हासाठी राखला होता. आकडा २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेला, की तो एकदम उणे होतो. मग भरल्या कोठारापुढे उभा राहून खेळ म्हणतो, ‘मेमरी कमी आहे!’

“मग आजीचा प्रिन्स?” नातवाने विचारले.

त्यावर उपाय आहे, आणि तोही फुकट. ‘डॉसबॉक्स’ नावाचा एक प्रोग्रॅम मोठ्या वाड्यात जुन्या बेताची एक लहानशी खोली बांधून देतो. तिच्यातला संगणक जुना, मेमरी साधारण सोळा एमबीच, वेगही जुन्या चालीचा. पाहुण्याला वाटते, आपण आपल्याच घरी आहोत.

नरकचतुर्दशीच्या सकाळी, फराळ आटोपल्यावर, मुलीने ती खोली बांधली. पडद्यावर राजवाडा उभा राहिला. थोड्या वेळाने विजेत्यांची यादी आली. एकच नाव होते. पुढे शिल्लक राहिलेली चार मिनिटे. मुलगी काही बोलली नाही. मीही चष्मा पुसत बसलो.

नातू खेळायला बसला आणि तिसऱ्यांदा खिळ्यांवर पडला. मुलगी म्हणाली, “अरे, आजी तिथे थांबायची. हळू पाऊल टाकायची, मगच पुढे जायची.”

चौथ्या वेळी तो थांबला, आणि पार झाला.

वाचकहो, आपल्या माळ्यावरही अशी एखादी सीडी, एखादी फ्लॉपी असेल. ह्या दिवाळीत तिची नक्कल करून ठेवा. खोली पुन्हा बांधता येते; सीडी मात्र एकदा खराब झाली, की आतले नाव गेले ते गेलेच.