भिलाईच्या उन्हात डबा पार्टी

मे महिन्यात भिलाईचा पारा सहज चाळिशी ओलांडतो. ऑफिसात डबा पार्टी ठरली, की चवीआधी टिकण्याचा विचार करावा. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून दह्याची कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये. अशा उन्हाळ्यात तर तासाभरात संपवावी.

आदल्या रात्री करून ठेवायला दशम्यांना तोड नाही. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली, की दुसऱ्या दिवशीही त्या मऊ राहतात. दशम्या पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भराव्यात, नाहीतर झाकणाला वाफ धरून खालच्या ओल्या होतात. सोबत शेंगदाण्याची सुकी चटणी. श्रीखंड न्यायचे तर बर्फासकट. दडप्या पोह्यांचे साहित्य वेगळे नेऊन तिथेच कालवा.

छत्तीसगढी सहकाऱ्यांची ठेठरी-खुरमी या कामी आपल्या चकली-शंकरपाळ्यांइतकीच भरवशाची. पाण्यात भिजवलेल्या भाताची बोरे-बासी हा इथला खरा गार पदार्थ. २०२२ च्या कामगार दिनी राज्य सरकारनेच ती खाण्याचे आवाहन केले होते. पण ती घरीच खावी; शिजलेला भात उकाड्यात लवकर बिघडतो.