जुना संगणक आणि मिलिंदाचा रथ

मागच्या खेपेला आपण मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादापाशी थांबलो होतो. चाक म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? तेही नाही. मग रथ आहे कुठं? हाच प्रश्न आज आपण आमच्या टेबलावरच्या जुन्या संगणकाला विचारू. हसू नका. आम्ही स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की घरचेही असेच हसतात.

यंत्र सुरू व्हायला चार-पाच मिनिटं लागायची. दुकानदार म्हणाला, "सर, नवीनच घ्या." आम्ही आधी कारण शोधलं. टास्क मॅनेजर उघडला, तर डिस्क सतत 100 टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत! म्हणजे प्रोसेसर बदलून काही साधणार नव्हतं. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते, तरी हेड नेमक्या जागी पोचून माहिती हाती यायला दहाएक मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, तिथं हे काम एका मिलिसेकंदाच्या आत होतं. शिवाय रॅम कमी पडली की संगणक डिस्कचाच तुकडा स्मृती म्हणून वापरतो, म्हणून 4 जीबीची 8 केली. डीडीआर3 च्या खाचेत डीडीआर4 बसत नाही बरं का, आधी बघून घ्या. राहिली धूळ. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग उतरवतो. तेव्हा वीज बंद करून, पंख्याची पाती बोटानं धरून ब्रश फिरवायचा. झालं.

पण त्या जुन्या डिस्कवर आमच्या वडिलांच्या रोजनिशीचे फोटो होते. मूळ वह्या वाळवीनं खाल्लेल्या. दुसरी प्रत काढू काढू म्हणत आम्ही वर्षं घालवली. शेवटी डिस्क बदलण्याआधी कॉपी करायला बसलो, तर आतून टक् टक् आवाज, आणि अकरा पानं उघडलीच नाहीत. हेच काम दोन वर्षं आधी केलं असतं तर तीही मिळाली असती. आता प्रती दोन आहेत, एक मुलीच्या घरी.

आता नागसेनाकडे वळू. डिस्क बदलली, रॅम बदलली, तरी विंडोजनं आमचा संगणक तोच मानला. मदरबोर्ड बदलला तर मात्र ते परवाना पुन्हा विचारू शकतं. म्हणजे त्याच्या लेखी मदरबोर्ड हाच रथ! आम्हाला हे पटत नाही. तुमच्यापैकी कुणाला पटत असेल तर हात वर करा, तिथूनच पुढं जाऊ.